बंदुकीआधी कागद: अमेरिकेतून कॅनडात शिकारीला जाताना सीमा कशी ओलांडावी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हौसेची शिकार बंद आहे. मिशिगन, मिनेसोटा किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेला मराठी माणूस मात्र ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने हरणाच्या मोसमात जंगलात जायला लागतो, आणि दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतं, "यंदा कॅनडात गूज (रानहंस) मारायला येतोस का?" बेत ठरायला एक संध्याकाळ पुरते. कागद जमवायला काही महिने लागतात.

या कामात एकच युक्ती उपयोगी पडते: हिशेब परतीपासून उलटा मांडायचा. कॅनडात शिरताना लागणाऱ्या कागदांची सगळे चौकशी करतात. पण अडचण बहुतेक वेळा परत येताना होते, कारण परतीचे कागद अमेरिकेतून निघण्याआधी करायचे असतात आणि तेव्हा त्यांची आठवण कुणाला नसते.

खालची सगळी माहिती अमेरिकेत राहणाऱ्याने गाडीने कॅनडात जाऊन, साध्या शिकारी रायफलीने किंवा बारा बोरच्या शॉटगनने शिकार करून परत येण्याबद्दल आहे. विमानाचं थोडं शेवटी आहे.

पहिलं काम: तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात?

बंदूक कोणती न्यावी याच्याही आधी हा प्रश्न येतो, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांच्या बाबतीत बहुतेक बेत इथेच ठरतात किंवा मोडतात.

अमेरिकन नागरिक असाल तर पासपोर्ट पुरतो. ग्रीन कार्ड असेल तर २६ एप्रिल २०२२ पासून कॅनडासाठी वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड दोन्ही दाखवावं लागतं. व्हिसा लागत नाही, ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) लागत नाही. पण भारतीय पासपोर्टची मुदत संपलेली असेल तर नुसत्या कार्डावर भागत नाही. पासपोर्ट नूतनीकरणाला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी बघा.

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन किंवा एच-फोर अशा तात्पुरत्या (नॉन-इमिग्रंट) व्हिसावर असाल तर मामला वेगळा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. अनेक जण तो परवाना काढून रीतसर बंदूक घेतात. मग परवान्याची मुदत संपते, बंदूक कपाटात तशीच राहते, आणि त्या दिवसापासून घरात बसल्या बसल्या गुन्हा चालू होतो. परवाना दरवर्षी न चुकता नवा करायचा, त्या वर्षी शिकारीला जायचं नसलं तरीही. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, ते वेगळे बघावे लागतात.

आता सीमा. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना स्वतःची बंदूक तात्पुरती देशाबाहेर नेण्यासाठी निर्यात नियमांत प्रवासी सामानाची सवलत आहे: एका फेरीत जास्तीत जास्त तीन बंदुका आणि १,००० काडतुसं. नॉन-इमिग्रंट माणसाला ही सवलत फक्त त्याने स्वतः बाहेरून रीतसर आणलेल्या बंदुकीपुरती आहे. अमेरिकेत विकत घेतलेल्या बंदुकीला ती लागू होत नाही. शिवाय बंदूक परत आणायला एटीएफचा (बंदुकांवरच्या अमेरिकन संघीय खात्याचा) फॉर्म ६ एनआयए हा आयात-परवाना आधीच मंजूर करून हातात असावा लागतो, आणि त्याला काही आठवडे सहज जातात. तो नसेल तर येताना तुमची बंदूक सीमेवर अडकते, तीही तुमचीच असल्याचा पुरावा खिशात असताना.

म्हणून एच-वन-बीवरच्या शिकाऱ्याला स्पष्ट सल्ला: बंदूक घरी ठेवा आणि कॅनडात उसनी घ्या. याला दोन कायदेशीर वाटा आहेत. एक, ज्याच्याकडे कॅनडाचा बंदूक परवाना आहे अशा माणसाच्या थेट देखरेखीखाली त्याची बंदूक वापरणं. देखरेख म्हणजे तो हाताच्या अंतरावर, गरज पडली तर लगेच बंदूक ताब्यात घेऊ शकेल इतका जवळ हवा. तो तंबूत आणि तुम्ही झाडावर, असं चालत नाही. दुसरी वाट परदेशी पाहुण्यांसाठी असलेल्या तात्पुरत्या उसनवार परवान्याची. त्याचं शुल्क ३० कॅनेडियन डॉलर, मुदत ६० दिवस. अर्ज त्या प्रांताच्या चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडे आधीच जातो. शिकारीची सोय करणारा आउटफिटर असेल तर त्याला ही प्रक्रिया पाठ असते, त्यालाच विचारा.

नॉन-इमिग्रंट भारतीयांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसाही लागतो: अर्जाचे १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) ८५. अर्जात शिकारीचा हेतू लपवू नका, आउटफिटरचं बुकिंगचं पत्र जोडा.

परतीचा आणखी एक मुद्दा. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलेला आहे पण आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) मुदतीत आहे, अशा माणसाला कॅनडातल्या ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामानंतर नव्या स्टॅम्पशिवाय परत येता येतं. याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. मात्र कॅनडात असताना नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात तर ही सवलत गेली. आय-९४ ऑनलाइन असतो, त्याची छापील प्रत जवळ ठेवा आणि निघताना कुणाला देऊ नका.

दुसरं: जुना खटला, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवल्याचा

डिसेंबर २०१८ पासून कॅनडात नशेत वाहन चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली. त्यामुळे तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो. अमेरिकेत ज्याचा निकाल दंड आणि सक्तीच्या प्रशिक्षण-वर्गावर मिटला, असा एकच जुना खटलाही तुम्हाला सीमेवरून परत पाठवायला पुरतो. नोंद कॅनडाच्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसते, तेव्हा "कुणाला कळणार" हा विचार सोडा. असं काही असेल तर तात्पुरत्या निवासी परवान्यासाठी किंवा पुनर्वसनासाठी (म्हणजे जुना गुन्हा आता आड येऊ नये अशा मंजुरीसाठी) अर्ज करावा लागतो, आणि पुनर्वसनाचा अर्ज शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाल्यावरच करता येतो. गटातल्या प्रत्येकाला हा प्रश्न बुकिंगचे पैसे भरण्याआधी विचारा. अवघड वाटेल, पण सीमेवर चार जणांसमोर उघड होण्यापेक्षा बरं.

तिसरं: बंदूक कॅनडात चालणारी आहे का

कॅनडात बंदुकांचे तीन वर्ग आहेत: अनिर्बंधित, निर्बंधित आणि प्रतिबंधित. शिकारीला न्यायची ती पहिल्याच वर्गातली. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, लिव्हर-अ‍ॅक्शन, पंप किंवा दुनळी शॉटगन यांत सहसा अडचण नसते. सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) असेल तर डोळ्यांत तेल घालून तपासा. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका देणाऱ्या) सेमी-ऑटोची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर ती निर्बंधित होते. दुमडून एकूण लांबी ६६० मिलिमीटरच्या खाली येणारी कुठलीही बंदूकही तशीच.

१ मे २०२० रोजी कॅनडाने दीड हजारांवर मॉडेल्स एका फटक्यात प्रतिबंधित केली. एआर-१५ त्यात आहे आणि अमेरिकेत शेतावर सर्रास दिसणारी रूगर मिनी-१४ सुद्धा आहे. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये यादीत आणखी भर पडली. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मित्राने नेलेली बंदूक आज चालेलच असं नाही. आरसीएमपीचा (कॅनडाच्या संघीय पोलिसांचा) फायरआर्म्स रेफरन्स टेबल ऑनलाइन आहे, त्यात नेमकं मॉडेल शोधा. १०,००० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा देणाऱ्या रायफलीही बंद आहेत. .३०८ किंवा ३०-०६ या नेहमीच्या शिकारी कॅलिबरवाल्याने याची काळजी करायचं कारण नाही.

पिस्तूल नेऊ नका. "अस्वल आलं तर" ही सबब चालत नाही, स्वसंरक्षण हे बंदूक आणण्याचं कारण म्हणून कॅनडा मानत नाही. अस्वलासाठी बेअर स्प्रे न्या, पण डब्यावर तो प्राण्यांसाठी असल्याचं स्पष्ट छापलेलं हवं. माणसांसाठीचा पेपर स्प्रे तिथे प्रतिबंधित शस्त्र आहे.

सायलेन्सर बंद. सेंटरफायर सेमी-ऑटो रायफल-शॉटगनच्या मॅगझिनला पाच काडतुसांची मर्यादा आहे, आणि जास्त क्षमतेचं नुसतं रिकामं मॅगझिन बॅगेत राहिलं तरी ते प्रतिबंधित वस्तू ठरतं. चाकूंचंही बघा: बटण दाबून किंवा मनगटाच्या झटक्याने उघडणारा चाकू जप्त होतो. कातडं सोलायला साधा, अचल पात्याचा चाकू उत्तम. धनुर्धाऱ्यांसाठी: एका हाताने चालवता येणारा किंवा ५०० मिलिमीटर व त्याहून आखूड क्रॉसबो चालत नाही.

चौथं: अमेरिकेच्या बाजूचा फॉर्म ४४५७

हा फॉर्म बहुतेक जण विसरतात, म्हणून थोडं सविस्तर.

सीबीपीचा (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा खात्याचा) ४४५७ म्हणजे "ही वस्तू मी अमेरिकेतून बाहेर नेली, परदेशात विकत घेतली नाही" असा शिक्का मारलेला दाखला. परतताना बंदूक तुमचीच आहे हे दाखवायला याच्याइतका सोपा कागद दुसरा नाही. शुल्क नाही. पण ऑनलाइन होत नाही, बंदूक प्रत्यक्ष दाखवावी लागते.

कसं करायचं: जवळच्या सीबीपी कार्यालयाला आधी फोन करून वेळ विचारा. बंदूक रिकामी करून, बंद पेटीत गाडीतच ठेवा. कार्यालयात फक्त फॉर्म घेऊन जा आणि सांगा की रायफल गाडीत आहे, कुठे दाखवू? बरीच कार्यालयं विमानतळाच्या आवारात असतात, तिथे हातात बंदुकीची पेटी घेऊन दारातून शिरणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. अधिकारी फॉर्मवरचा सीरियल नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघतो, उरलेल्या रिकाम्या ओळी खोडतो, सही-शिक्का करतो.

फॉर्ममध्ये बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि सीरियल नंबर लिहा. महागडी दुर्बीण, स्कोप, कॅमेरा असेल तर तेही त्याच फॉर्मवर घ्या, नाहीतर येताना त्यांच्यावर शुल्क भरण्याचा प्रसंग येऊ शकतो. सीबीपी स्वतःकडे प्रत ठेवत नाही. कागद हरवला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फोटो काढा, प्रत काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. बंदूक तुमच्याकडे आहे आणि कागद वाचता येतो तोवर तो चालतो. (फॉर्मच्या कोपऱ्यात छापलेली मुदत ही छापील नमुन्याची असते, तुमच्या दाखल्याची नाही. कॅनडाला त्याने फरक पडत नाही, पण दक्षिण आफ्रिकेत शिकारीला गेलेल्या अमेरिकनांची याच तारखेवरून पोलिसांशी हुज्जत झालेली आहे. तिकडचा बेत असेल तर नवा छापील नमुना वापरा.)

सामानाच्या सवलतीखाली बंदूक नेताना ती सीबीपीला जाहीर करायची असते. गंमत अशी की गाडीने अमेरिकेतून बाहेर पडताना तुम्हाला सहसा कुणी अडवत नाही, रस्ता सरळ कॅनडाच्या खिडकीशी जातो. तेव्हा पुलाच्या किंवा फाटकाच्या अलीकडे, अमेरिकन बाजूच्या कार्यालयात आपण होऊन थांबायचं. ४४५७ केलेला नसेल तर तो इथेही होतो, फक्त मोसमाच्या सुरुवातीच्या शनिवारी रांग असते.

न्यू जर्सीहून निघून न्यूयॉर्क राज्यातून बफेलोच्या पीस ब्रिजकडे जाणाऱ्यांनी मधल्या राज्याचाही विचार करावा. १९८६ च्या संघीय कायद्याने मधल्या राज्यातून नुसतं पार होण्याची मुभा आहे, पण बंदूक रिकामी, बंद, आणि प्रवाशांच्या हाताला न लागणाऱ्या जागी हवी. वाटेत मित्राकडे दोन दिवस मुक्काम केलात तर ते "पार होणं" राहत नाही.

पाचवं: कॅनडाचा फॉर्म ५५८९

कॅनडाचा स्वतःचा बंदूक परवाना नसलेल्या पाहुण्यासाठी हाच मुख्य कागद. आरसीएमपी ५५८९ म्हणजे अनिवासी व्यक्तीचं बंदूक घोषणापत्र. बंदुका कितीही असोत, शुल्क एकदाच, २५ कॅनेडियन डॉलर. सीमेवर अधिकाऱ्याने सही करून मंजूर केल्यावर तो ६० दिवसांसाठी तुमचा तात्पुरता परवाना होतो. त्या ६० दिवसांत त्याच बंदुका घेऊन पुन्हा ये-जा करता येते. तीनपेक्षा जास्त बंदुका असतील तर ५५९० हा पुरवणी फॉर्म जोडायचा, अर्थात अमेरिकेची सवलत तीनचीच आहे हे लक्षात ठेवून. वय किमान १८ हवं.

फॉर्म घरी छापून, भरून, तीन प्रती न्या. सही करू नका. ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. घरून सही करून आणलेला फॉर्म तिथे पुन्हा भरायला लावतात, आणि मागे पाच गाड्या असताना बॉनेटवर फॉर्म भरणं किती त्रासाचं असतं ते सांगायला नको.

चुका बहुतेक दोन रकान्यांत होतात. पहिला सीरियल नंबर. जुन्या शॉटगनवर तीन-तीन आकडे कोरलेले असतात: एक पेटंटचा, एक सुट्या भागाचा, आणि एक खरा. खरा नंबर रिसीव्हरवर म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर असतो. टॉर्च तिरपा धरून वाचा, फोटो काढा आणि फोटोवरूनच फॉर्ममध्ये उतरवा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल झाली की अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती दुसरीच बंदूक ठरते.

दुसरा रकाना नळीच्या लांबीचा. माहितीपत्रकातला आकडा लिहू नका, मोजा. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद करा, तोंडाकडून साफसफाईची सळई हलकेच आत सोडा. ती बोल्टला टेकली की तोंडाच्या कडेशी सळईवर खूण करा, बाहेर काढून टेपने मोजा. चेंबर (काडतूस बसतं तो भाग) नळीत धरला जातो, म्हणून आकडा मिलिमीटरमध्ये बोल्टपासून तोंडापर्यंतचा.

"आणण्याचं कारण" या ओळीत शिकार लिहा, सोबत ठिकाण आणि तारखा. आउटफिटरचं पत्र आणि शिकारीचा परवाना दाखवता आला की दोन मिनिटांत काम होतं. नुसतं "फिरायला चाललोय, बंदूकही आहे" हे उत्तर कॅनडात पटत नाही.

दरवर्षी जाणाऱ्याने कॅनडाचा सुरक्षा अभ्यासक्रम करून पाच वर्षांचा परवाना घेण्याचा विचार करावा. एकदा जाणाऱ्याला ५५८९ पुरतो.

सहावं: प्रांताचा शिकार परवाना

बंदुकीचा कागद संघीय, शिकारीचा प्रांताचा. हा परवाना काढायला अमेरिकेतल्या हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो, तो शोधून ठेवा. ऑन्टारियोत आधी आउटडोअर्स कार्ड, मग प्राण्याचा परवाना. अशीच शिकाऱ्याची नोंदणी अल्बर्टात विन क्रमांक, ब्रिटिश कोलंबियात एफडब्ल्यूआयडी, सस्कॅचेवानात एचएएल खातं या नावाने होते. मोठ्या प्राण्यांसाठी, म्हणजे मूस आणि एल्क ही मोठी हरणं, अस्वल यांसाठी बहुतेक प्रांत परदेशी शिकाऱ्याला आउटफिटर, गाइड किंवा स्थानिक यजमान लावतात. एकट्याने जाऊन मूस मारण्याचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

बदकं आणि गूज या स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रांताच्या परवान्यावर आणखी संघीय परवाना आणि त्यावरचा अधिवास संवर्धनाचा स्टॅम्प लागतो. त्यांच्यासाठी शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील किंवा बिस्मथचे घ्या. बंदुकीत एका वेळी तीनहून जास्त काडतुसं मावता कामा नयेत, म्हणजे पंप किंवा सेमी-ऑटोच्या नळकांड्यात लाकडी वा प्लास्टिकचा प्लग हवा. गेम वॉर्डन (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) स्वतः काडतुसं भरून बघतो. ऑन्टारियोत बंदुकीने मोठ्या प्राण्यांची शिकार चालू असताना कमरेच्या वरच्या अंगावर किमान २,५८० चौरस सेंटिमीटर भडक नारिंगी (हंटर ऑरेंज) कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी लागते.

सातवं: सामान लावणं आणि खिडकीशी बोलणं

आदल्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करा. सीटखाली, दाराच्या खणात, गेल्या मोसमातल्या जॅकेटच्या खिशात सुटं काडतूस सापडतंच. त्याहून वाईट म्हणजे ग्लव्ह बॉक्समध्ये विसरलेलं पिस्तूल. टेक्सास किंवा फ्लोरिडाहून येणाऱ्यांच्या गाडीत ते कायम असतं आणि रोजच्या सवयीने दिसेनासं होतं. जाहीर न केलेलं शस्त्र कॅनडाच्या हद्दीत सापडलं तर ते जप्त होतं, गाडीही अडकू शकते, खटला होऊ शकतो, आणि "विसरलो" याने शस्त्र परत मिळत नाही.

बंदुका रिकाम्या, बोल्ट काढलेले किंवा उघडे, कुलूपबंद पेटीत, डिकीत किंवा मागे खाली. काडतुसं वेगळ्या डब्यात. शिकारीसाठी २०० काडतुसं शुल्काशिवाय नेता येतात. त्याहून जास्त नेण्याचं कारण तसं नसतंच. चावी खिशात, पेटीतच नव्हे. कागदांचं पाकीट हाताशी: पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ४४५७, ५५८९, परवाने, आउटफिटरचं पत्र. कुत्रा असेल तर रेबीज लसीचा दाखला. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्याला अमेरिकेत परत आणताना सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या) ऑनलाइन फॉर्मची पावती लागते, आणि कुत्रा सहा महिन्यांहून मोठा, मायक्रोचिप लावलेला हवा. तो फॉर्म निघण्याआधीच भरून टाका.

पेंबिना–इमर्सन, पोर्टल–नॉर्थ पोर्टल, स्वीटग्रास–कूट्स ही फाटकं चोवीस तास उघडी असतात. आडरस्त्यावरची छोटी फाटकं संध्याकाळी बंद होतात, नकाशा हे सांगत नाही.

खिडकीशी इंजिन बंद, काळा चष्मा काढा, काच पूर्ण खाली. कुठे चाललात, असं विचारलं की ठिकाणासोबतच पहिल्या वाक्यात बंदुकीचा उल्लेख करा: किती, कोणत्या, रिकाम्या, कुठे ठेवल्यात. अधिकारी सांगेपर्यंत पेटीला हात लावू नका. बहुधा गाडी बाजूला घ्यायला सांगतात, ते संशयाने नव्हे, फॉर्मवर सही तिथेच होते म्हणून.

चिवडा-लाडवांचे डबे असले तरी खाण्याचं सामान आहे हे सांगून टाका, लपवलेल्या डब्यावरून बंदुकीची तपासणी लांबते. गांजा कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, पण सीमा ओलांडून कुठल्याच दिशेने नेता येत नाही. अमेरिकन संघीय कायदा गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगू देत नाही, आणि नागरिक नसलेल्याला त्यावरून पुन्हा प्रवेश मिळणंही अवघड होऊ शकतं. हा विषय पूर्ण टाळा.

तिकडे असताना

५५८९ गाडीत नाही, अंगावर ठेवा. मोटेलमध्ये बंदूक रिकामी, चाप-कुलूप लावून किंवा बोल्ट काढून ठेवा. जेवायला थांबलात तर डिकीत, कुलपात, बाहेरून न दिसेल अशी. मुक्काम ६० दिवसांच्या पुढे जाणार असेल तर मुदत संपण्याआधी प्रांताच्या चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडे मुदतवाढ मागा, ती फुकट मिळते.

कॅनडात बंदूक किंवा काडतुसं विकत घेऊन अमेरिकेत आणू नका. अमेरिकेतून नेलेलं परत आणणं वेगळं, तिकडचं आणणं म्हणजे एटीएफच्या फॉर्म ६ ची आयात. तिकडे घेतलेल्या पेटीत चार काडतुसं उरली असतील तर ती यजमानाला देऊन या.

परतीचा रस्ता

पक्षी घेऊन येणाऱ्यांचं सर्वात जास्त नुकसान होतं, कारण ते छावणीतच सगळं सोलून, कापून, पिशव्यांत भरतात. जात ओळखता यावी म्हणून प्रत्येक पक्ष्याला एक पिसांसकट पंख राखावा लागतो. नुसते छातीचे तुकडे घेऊन आलात तर अधिकाऱ्याला ते कोणत्या बदकाचे हे कळणार कसं? दुसरीकडे, बर्ड फ्लूमुळे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२२ मध्ये अटी घातल्या: आतडी, डोकं, मान, पाय, कातडी आणि दुसरा पंख काढलेला, स्वच्छ पाण्याने धुतलेलं, रक्त-मातीचा डाग नाही, गळणार नाही अशा प्लास्टिकमध्ये, थंड किंवा गोठवलेलं. या अटी साथीप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कृषी खात्याच्या पानावर ताज्या अटी वाचा आणि सोलण्याआधी पुन्हा एकदा.

चौघांचे पक्षी एका कूलरमध्ये मिसळू नका. मर्यादा माणशी असते. प्रत्येकाची वेगळी पिशवी, त्यावर नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख, सही. पेन ओल्याने पुसतं, लॅमिनेटेड चिठ्ठी किंवा पक्का मार्कर वापरा.

हरीण, एल्क आणि मूस यांच्या बाबतीत प्रश्न क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या रोगाचा. हा रोग अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबात आढळला आहे. त्याचा कारक मेंदू, मज्जारज्जू आणि लसीका ग्रंथींत साचतो, म्हणून अनेक राज्यं अख्खं डोकं किंवा कणा आत येऊ देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि मेंदूचा अंशही न राहता साफ केलेली, शिंगांसह कवटीची पट्टी हा सुरक्षित मार्ग. नियम तुमच्या राज्याचे, आणि वाटेतल्या राज्यांचेही बघा.

मांस, कातडं, शिंगं आणताना अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा फॉर्म ३-१७७ भरायचा असतो, तो ऑनलाइनही जातो. सोबत परवाना, टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची परवान्याची चिठ्ठी), आणि प्रांत मागत असेल तर त्याचा निर्यात परवाना. लांडगा आणि ग्रिझली अस्वल साइट्स करारात (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) येतात, त्यांची कागदपत्रं महिनोन्‌महिने चालतात, कातडं मागाहून येतं. काळं अस्वलही त्याच यादीत आहे, पण अमेरिकन रहिवाशाने स्वतः मारून ताजं, गोठवलेलं किंवा मीठ लावलेलं कातडं सोबत आणलं तर कॅनडाचा साइट्स परवाना लागत नाही. पित्ताशय मात्र आणू नका. ध्रुवीय अस्वलाची शिकार-चिन्हं २००८ पासून अमेरिकेत बंद आहेत.

आणि हे पुढे भारतात नेऊन दिवाणखान्यात लावायचा विचार असेल तर तो सोडा. वन्यप्राण्यांचे अवयव भारतात आणायला मनाई आहे. मुंबईच्या सीमाशुल्क विभागाला कॅनडाचा टॅग दाखवून उपयोग नाही.

अमेरिकेच्या खिडकीशी क्रम तोच: आधी बंदुका, मग मांस. ४४५७ पुढे करा. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्याला स्वतःची बंदूक परत आणायला एटीएफची परवानगी लागत नाही, हा कागद तेच दाखवतो.

विमानाने जाणार असाल तर

कडक, सगळ्या बाजूंनी कुलूप लागणारी पेटी, काउंटरवर घोषणा, काडतुसं कारखान्याच्या पेटीत आणि माणशी ५ किलोपर्यंत. विमान कंपनी याहून कमी देत असेल तर तिचं चालतं. टोरंटो, कॅलगरी, व्हँकुव्हरहून परतताना अमेरिकेची तपासणी कॅनडाच्या विमानतळावरच होते, म्हणून ४४५७ आणि ३-१७७ पेटीत टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बेअर स्प्रे विमानात कुठेच चालत नाही, तो उतरल्यावर विकत घ्या.